सभासदांची फीड

शिवानीच्या लग्नाला अठरा दिवस उरले होते आणि माझ्या दारात कुत्रं फिरकत नव्हतं. आमच्या पाणदऱ्यात लग्नघर असं नसतं. पंधरा-वीस दिवस आधीपासून बायका न बोलावता येतात, तांदूळ निवडतात, पापड लाटतात, नवऱ्यामुलाच्या आईला न बघताच नावं ठेवतात. पुरुष मांडवाचे बांबू कोणाच्या बेटातून तोडायचे यावरून तासभर वाद घालतात आणि चहा पिऊन जातात. माझ्याकडे काय, तर शेजारची शकू एकदा अंगणाच्या कडेपर्यंत आली, माझ्याकडे बघितलं, "नंतर येते गो" म्हणाली आणि परतली. भिंतीला भिंत लागून घर हाय तिचं. नंतर म्हणजे कधी, मांडव मोडल्यावर?

मी कोकिळा. तोंडाने फटकळ हाय हे गावाला माहीत हाय, म्हणून मी आधी स्वतःलाच दोष दिला. म्हटलं, कोणाला तरी लागेल असं बोलले असेन. मग म्हटलं, आंब्या-काजूचे दिवस हायत, बायांना सवड नसेल. देवळात आवतणाची पानसुपारी ठेवायला गेले तेव्हा धर्माजी समोर बसले होते. ते गावकीचे अध्यक्ष. गावकी म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांची बैठक, तिच्या शब्दाबाहेर आमच्याकडे लग्न होत न्हाय की मयत उचललं जात न्हाय. पहिलं आवतण देवाला, दुसरं गावकीला. धर्माजींनी सुपारीला हात लावला न्हाय. "ठेव तिथं," म्हणाले. मला वाटलं हात ओले असतील.

आता पॉडकास्टचं सांगते, कारण सगळं तिथंच हाय. पाणदरे म्हणजे म्हसळ्यावरून एसटीने अर्धा तास, खाडीच्या अंगाला, साठेक घरं, अर्धी माणसं मुंबईला. मुंबईच्या मंडळाने दोन वर्षांपूर्वी गावाचा पॉडकास्ट काढला. रेडिओच म्हणा, फोनवरचा, पाहिजे तेव्हा लावायचा. दर रविवारी नवा भाग येतो. त्याच्या दोन फीड हायत. एक सगळ्यांसाठी, तिच्यावर भजन, दहावीला कोणाला किती टक्के, श्रीवर्धनच्या गाडीची वेळ बदलली, भाताचं बियाणं कुठलं घ्यावं, असं. दुसरी फक्त नोंदणी केलेल्या सभासदांसाठी. नोंदणी घरटी एक, आणि ती घरातल्या पुरुषाच्या नंबरावर. बाईची नोंदणी करावी असं कोणाला सुचलं न्हाय, मलाही न्हाय.

दोन्हीकडे आवाज एकच, माझ्या शिवानीचा. ती घणसोलीला राहते, विम्याच्या कंपनीत फोनवर बोलायचं काम करते. मंडळाच्या वतीने विपुल तिला मजकूर पाठवतो. विपुल आमच्या गावचाच, म्हसळ्याला एसटी स्टँडसमोर त्याचं मोबाईलचं दुकान हाय. शिवानी रविवारी सकाळी खोलीचं दार लावून घेते, मजकूर वाचते आणि विपुल सांगेल त्या फीडवर चढवते. गावात कोणी भेटलं की आधी तिच्या आवाजाचं कौतुक करायचं आणि मग माझी तब्येत विचारायचं. मीही काय, फुगायची.

माझा नवरा गणराज सभासद होता. कानात फोनची बोंडं घालून ओटीवर ऐकत बसायचा, आणि मध्येच आत येऊन सांगायचा, हे कर, ते नको करू. मागच्या दिवाळीत तो गेला. छातीत कळ आली आणि म्हसळ्याला पोचेपर्यंत सगळं संपलं. त्याचा फोन मी वापरते. विपुलने त्यावर मला सगळ्यांसाठीची फीड लावून दिली. "काकी, तुला हीच बरी," म्हणाला. मी रविवारी भाकऱ्या थापताना लेकीचा आवाज ऐकायची आणि खूश असायची.

सभासदाच्या घरी लग्न असलं की महिनाभर आधीपासून पॉडकास्टवर आवतण वाचतात. माझी पोरगी स्वतःच्या लग्नाचं आवतण स्वतः कशी वाचते, लाजते का हसते, याची मी वाट बघत होते. दोन रविवार गेले, काही न्हाय. विपुलला फोन केला. "आवतणं सभासदांच्या फीडवर असतात, काकी," म्हणाला. मग माझ्या फोनवर ती लाव म्हटलं, तर म्हणतो, "नोंदणी काकांची होती, तुझी न्हाय," आणि फोन ठेवला. मेल्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, आणि हा माझा फोन ठेवतो.

मला राग आला की माझं डोकं चालतं. गणराजच्या नंबरावर दर महिन्याला एक संदेश यायचा, नोंदणीकृत सभासदांनी नंबर टाकून आपली योग्य ती फीड निवडावी. मी तो न वाचताच पुसायची. त्या दुपारी उघडला. नंबर टाकला. चार आकडे त्याच फोनवर आले, तेही टाकले. गावकीच्या वहीतून त्याचं नाव काढलं असेल, पण गणराज गेला हे त्या मशिनीला कोणी कळवलं नव्हतं. समोर दोन नावं आली, दोन्हींवर आमच्या देवळाचा फोटो. वर 'सर्वांसाठी', खाली 'सभासदांसाठी'. मी खालच्यावर बोट ठेवलं.

लग्नाचे तांदूळ सुपात घेतले आणि फोन डब्यावर उभा केला. "नमस्कार पाणदरेकर, मी शिवानी," झालं. मंडळाच्या सभेचं झालं. मग आवतणं आली, तीन लग्नं. एक वरच्या आळीतलं, दोन मुंबईतली. आमचं न्हाय. मला वाटलं, स्वतःचं म्हणून शेवटी ठेवलं असेल. मग ती म्हणाली, "आता गावकीचा शब्द."

"घर क्रमांक बेचाळीस. या घराशी गावकीने संबंध थांबवले आहेत. या घरात कोणी जाऊ नये, या घरातल्यांना आपल्या घरात घेऊ नये. शेताला, दुखण्याला, मयताला हात लावू नये. या घरच्या येत्या कार्याला कोणी पाय ठेवू नये. जो ठेवेल त्याचा घर क्रमांक पुढच्या रविवारी वाचला जाईल."

आणि लगेच, त्याच आवाजात, "आता ऐकू या, या आठवड्याचं हवामान."

बेचाळीस कोणाचं ते मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पंचायतीने सगळ्या घरांना नवे नंबर दिले, पत्र्याच्या निळ्या पाट्या दिल्या. आमची पाटी गणराजने चौकटीला ठोकली, तीही वाकडी. रोज झाडताना दिसते. तरी मी उठले, बाहेर गेले आणि पाटी बघितली. मांडीवरचं सूप कधी पडलं ते कळलं न्हाय, तांदूळ उंबऱ्यापर्यंत गेले होते. चार आणि दोन. मी बोट लावून बघितलं, पुसून जातंय का.

परत आत आले, परत लावलं. तीन वेळा लावलं. गावाने वाळीत टाकलं याचं दुःख मला नंतर झालं. आधी धक्का बसला तो तिच्या आवाजाचा. एका शब्दाला अडखळली न्हाय माझी पोर. कार्य म्हणताना न्हाय, मयत म्हणताना न्हाय. बियाण्याचं सांगते त्याच आवाजात तिने स्वतःच्या हळदीला येऊ नका म्हणून गावाला सांगितलं होतं.

कारण मला शोधावं लागलं न्हाय. माघात धर्माजी घरी आले होते. रस्त्याच्या कडेला आमचं खळं हाय, भात झोडायची जागा. त्यातला तुकडा गावाच्या नव्या कमानीला पाहिजे होता. मी म्हटलं, आधी माझ्या पोरीचा मांडव तिथं उभा राहू दे, मग बघू. न्हायसुद्धा म्हटलं नव्हतं. विधवा बाई गावकीच्या अध्यक्षाला 'मग बघू' म्हणाली, तेवढं पुरलं.

मी तशीच शकूच्या मागच्या दाराला गेले. दार आतून लावलेलं. हाक मारली तर ती खिडकीच्या गजाआडून कुजबुजली, "जा गो बाय, कोणी बघितलं तर आमचा नंबर वाचतील."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत हाय. आम्हाला वाटलं तुलाही ठाऊक असेल. तुझ्याच पोरीने वाचलं ना." मग म्हणाली, "लोक म्हणतात, शिवानीने आईलाच सोडलं."

मी घरी आले आणि शिवानीला फोन लावला. ती कामावर होती, हळू बोलत होती.

"बेचाळीस नंबरचं घर कोणाचं हाय गो?" मी विचारलं.

"कुठला बेचाळीस?"

"या रविवारी वाचलास तो."

ती म्हणाली, "आई, तू सभासदांची फीड कशी ऐकलीस?"

"ते सोड. कोणाचं घर?"

"मला काय माहीत. विपुलदादा नंबर पाठवतो, मी वाचते. नावं नसतातच त्यात."

"मी दारात उभी हाय. पाटी वाचून दाखवते. चार, दोन."

मागे कोणाकोणाचे फोन वाजत होते ते ऐकू येत होतं. मग तिने "आपलं?" एवढंच विचारलं, लहानपणी ताप आला की बोलायची तशा आवाजात.

"आपलं. आणि कार्य म्हणजे तुझं लग्न."

"आई, मला खरंच माहीत नव्हतं. मी बारावीनंतर तिथे राहिलेच कुठे? नवे नंबर मी कधी बघितलेच नाहीत. आपल्या आवतणाचं विचारलं तर विपुलदादा पुढच्या रविवारी घेऊ म्हणाला."

"ते कळलं मला. पण वाचताना तुला काय वाटलं? कोणाच्या तरी घरचं कार्य मोडतंय, असं न्हाय आलं मनात?"

"आलं," ती म्हणाली. "वाटलं, कोणाचं तरी असेल."

हा दुसरा धक्का, आणि पहिल्यापेक्षा मोठा. म्हणजे आपण काय वाचतो ते तिला कळत होतं. मी तिला असं वाढवलं न्हाय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. "किती घरं वाचलीस अशी?" मी विचारलं. "सात-आठ," म्हणाली आणि रडायला लागली. मी फोन ठेवून दिला. तिची समजूत काढायची ताकद माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी पनवेलहून पहिल्या गाडीने ती आली. म्हसळ्याहून रिक्षा केली, तर आमच्याच गावच्या त्या रिक्षावाल्याने वेशीवरच उतरवलं, पुढे येत न्हाय म्हणाला. लग्नाच्या साड्यांची पिशवी हातात घेऊन पोर भर उन्हात चालत आली. साड्या मी उघडल्यासुद्धा न्हायत. चहा घेतला आणि दोघी धर्माजींकडे गेलो.

धर्माजी कधी मोठ्याने बोलत न्हायत. ओटीवर बसले होते. बसा म्हणाले न्हायत. मी फोन पुढे धरला आणि लावला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"छान वाचते," म्हणाले. "शब्द स्वच्छ हायत."

"दादा, तुम्ही मला वाळीत टाकलंत," मी म्हटलं.

"मी? वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा हाय, कोकिळा. गावकीची वही बघ, एक ओळ सापडायची न्हाय. मी सभेत असं काही बोललो म्हणून कोणी सांगू दे."

"मग हे काय हाय?"

"ते मला कसं ठाऊक? आवाज कोणाचा हाय हा?"

ते काय म्हणतायत हे मला कळायला वेळ लागला. शिवानीला लगेच कळलं. तिने फोन काढला आणि विपुलने पाठवलेला मजकूर शोधायला लागली. मी बाजूने बघत होते. त्याच्या नावाखाली एकच ओळ पुन्हा पुन्हा होती, वरपासून खालपर्यंत, 'हा संदेश काढून टाकला आहे'. दर रविवारी तिने वाचलं की तो पुसून टाकत होता, आणि तिने कधी मागे जाऊन बघितलं नव्हतं. दोन वर्षांत गावकीच्या शब्दाचा पुरावा म्हणून उरला होता तो फक्त माझ्या पोरीचा आवाज.

"पोलिसात जायचं तर जा," धर्माजी म्हणाले. "ऐकवायला हाय ना तुमच्याकडे. ज्याचा आवाज त्याचं नाव लिहितील. लग्नाच्या तोंडावर नवरी ठाण्यात बसली तर मुरूडची माणसं काय म्हणतील, ते मी कसं सांगू?"

मुरूडला शिवानीचं सासर ठरलं होतं. पोरीचा आवाज चांगला म्हणून तिला पॉडकास्टवर घेतलं, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरले होते. गावकीला चांगला आवाज कुठं पाहिजे होता, स्वतःचा सोडून कोणाचाही चालला असता.

मग ते एकदम मऊ झाले. "खळ्याचा तुकडा दे. येत्या रविवारी हीच पोर वाचेल, बेचाळीस नंबर मोकळा. अख्खा गाव मांडवाला येईल. पहिला बांबू मी स्वतः रोवीन." आणि शिवानीकडे बघून म्हणाले, "काय गो बाय, वाचशील ना?"

मी खरं सांगते, मी व्हय म्हणायला तोंड उघडलं होतं. एकुलती एक पोर, त्यात बापाविना लग्न. हळदीला तिच्या अंगाला हात लावायला चार सवाष्णी मिळाल्या न्हायत तर मी काय करणार होते? मला तर लावताही येत न्हाय हळद. तिने माझं मनगट धरलं आणि मला तिथून बाहेर काढलं.

घरी येईपर्यंत चार माणसं भेटली, चारी खाली बघत गेली. आत आल्यावर मी म्हटलं, "देऊन टाकते. जमिनीचा तुकडाच हाय. रविवारी वाच आणि लग्न करून मोकळी हो इथून."

"आणि बाकीचे नंबर, आई?"

"त्यांचं ते बघतील."

बोलून गेले आणि मग मला आठवलं, 'कोणाचं तरी' म्हणाली म्हणून कालच मी हिच्याशी बोलता बोलता फोन ठेवून दिला होता. शिवानीने वही घेतली, माझ्या फोनवर सभासदांच्या फीडचे जुने भाग काढले आणि एकेक लावायला लागली. फक्त गावकीचा शब्द ऐकायचा आणि नंबर लिहायचा. तिचाच आवाज घरभर, आणि ती वहीत मान घालून बसलेली. आमचा धरून आठ निघाले.

मग तिने मला विचारायला सुरुवात केली, कुठला नंबर कोणाचा. मी देवळापासून मनात चालत जात, बोटांवर मोजत सांगत होते. सात म्हणजे ज्यांनी परजातीची सून आणली ते. तेवीस म्हणजे ज्यांनी पाण्याच्या टाकीवरून तालुक्याला अर्ज केला ते. एकतीसवाल्यांचा पोरगा पालखीला रजा काढून आला न्हाय, एवढंच. एकेक नाव सांगताना मला आठवत होतं, व्हय की, यांच्या दारात दिवाळीला कंदील होता आणि माणूस नव्हतं. मी जाता-येता बघितलं होतं ते. त्यात काही वेगळं हाय असं मला वाटलं नव्हतं.

"चव्वेचाळीस," शिवानी म्हणाली. "हा तर अगदी सुरुवातीचा आहे. पहिल्या श्रावणातला."

बेचाळीस आम्ही. त्रेचाळीस शकू. त्याच्या पुढचं दार. माझं बोट तिथंच राहिलं.

"आई, कोण?"

"मनुबाई."

"मनुमावशी? म्हणजे तिचा मुलगा गेला तेव्हा?"

"व्हय."

मनुबाईला एकच पोरगा होता. धर्माजींच्या भावकीविरुद्ध बांधाच्या भांडणात तिने खरी साक्ष दिली होती. त्याच श्रावणात तिच्या पोराला शेतावर साप चावला आणि तो गेला. त्याला उचलायला गावातून चार माणसं निघाली न्हायत. तिने म्हसळ्याहून टेम्पो मागवला. टेम्पोवाला, त्याचा भाऊ आणि ती आई, अशा तिघांनी त्याला चढवला आणि मसणात नेला.

"तू गेली होतीस ना?" शिवानीने विचारलं. लावणीला आम्ही दोघी कायम एका वाफ्यात असायचो, ते तिने लहानपणापासून बघितलेलं.

"न्हाय."

"तुला माहीत नव्हतं?"

"तुझा बाबा ऐकून आत आला. मनुबाईकडे जाऊ नको सध्या, म्हणाला. का, ते मी विचारलं न्हाय. मला विचारायचं नव्हतं."

पोरीने वही बाजूला ठेवली आणि मला कधी बघितलंच न्हाय अशी बघत राहिली. मला तिच्यासमोर बसवेना. आदल्या दिवसापासून मी समजत होते की फसले ती मी, आणि जाब विचारायचा तो मी.

मग ती उठली. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, स्वतःचा फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला. "मी जे वाचलं ते मीच सांगणार," म्हणाली. "नंबर, नाव, तारीख, आणि कोणी पाठवलं ते. पोलिसांनाही हेच देणार. आवाज माझा आहे ना, मग माझं नाव लिहू दे त्यांना."

"आणि मुरूडची माणसं?"

"प्रज्योतला काल ऐकवलं." प्रज्योत म्हणजे माझा होणारा जावई. "घरच्यांशी बोलून सांगतो म्हणाला. अजून फोन नाही."

मला वाटलं, तिच्या तोंडावर हात ठेवावा. लग्नाला सतरा दिवस, दारात मांडव न्हाय, आणि नवऱ्यामुलाचा फोन न्हाय. पण तिने बटण दाबलं होतं. "नमस्कार पाणदरेकर, मी शिवानी. घर क्रमांक बेचाळीस माझं आहे." पुढे एकेक नंबर ती सांगत गेली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज अडखळत होता. चव्वेचाळीसला आली आणि मी फोन माझ्याकडे ओढला.

काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "मी कोकिळा, शिवानीची आई. मनुबाईचा पोरगा गेला तेव्हा मी घरात होते. मध्ये एकच घर हाय. ती रडत होती ते मला ऐकू येत होतं. मी चुलीपुढे बसून राहिले. मला कोणी धरून ठेवलं नव्हतं." शिवानीने बटण दाबून बंद केलं.

"हे ठेवू?" तिने विचारलं.

"ठेव."

फोनने विचारलं, कुठल्या फीडवर. वर 'सर्वांसाठी', खाली 'सभासदांसाठी'. शिवानीचं बोट मध्येच थांबलं. "वर टाकलं तर कोणालाही ऐकता येईल, आई. मुरूडलासुद्धा."

"सभासदांना काय नवीन सांगणार तू? त्यांनी सगळे नंबर ऐकलेत," मी म्हटलं. "वर टाक."

तिने टाकलं. लग्न होणार का मोडणार हे त्या घडीला दोघींनाही ठाऊक नव्हतं, आणि तरी पोर शांत बसली होती. मनुबाईकडे बटणांचा फोन हाय. तिला यातलं काही ऐकू जाणार नव्हतं, वरच्या फीडवरचंही न्हाय आणि खालच्याही न्हाय. म्हणून मी चपला घातल्या आणि शकूच्या दारावरून पुढे, तिला तोंडाने सांगायला गेले.